अनोळखी नंबरवरून फोन आला की काय करायचं, नवीन स्मार्टफोनवाल्यांसाठी पायरी पायरीने

घरात कुणीतरी पहिल्यांदा स्मार्टफोन घेतं, बँकेचं ॲप टाकतं, यूपीआय सुरू करतं आणि आठवड्याभरात प्रश्न सुरू होतात, हा नंबर कुणाचा, हा उचलू का, यांनी आधार मागितलंय तर देऊ का. हे लिखाण अशाच लोकांसाठी आहे, किंवा ज्यांना घरात रोज हे प्रश्न विचारले जातात त्यांच्यासाठी. सगळं भारतातल्या नंबरांचं आणि इथल्या नियमांचं सांगतोय.

आधी मुद्द्याचं. समोरचा खरा की खोटा हे फोनवर ओळखायच्या भानगडीतच पडू नका. नंबर खोटा दाखवता येतो, ट्रूकॉलरवर (फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ॲप) कुणी काहीही नाव लावून घेतं, आवाज आता एआयने बनवता येतो, आणि तुमचं नाव, पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे हे कुठून ना कुठून आधीच बाहेर पडलेलं असतं, त्यामुळे 'अहो पण त्याला माझी सगळी माहिती होती' याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. बघायचं एवढंच की फोन लावला कुणी. त्यांनी लावलाय ना, मग पैसे, ओटीपी, पिन, ॲप टाकणं, कागदपत्रं पाठवणं यातलं काहीही त्या कॉलवर करायचं नाही. काम खरं असलं तर फोन ठेवायचा आणि आपण स्वतः शोधलेल्या नंबरवर आपण लावायचा. पुढचं सगळं याच्याच भोवती आहे.

पायरी १: रिंग वाजतीये तोवर नंबर बघा

आणि घाबरून जाऊ नका. नुसता फोन उचलला म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत, 'हो' म्हटलं की रेकॉर्ड करून खातं रिकामं करतात वगैरे जे फॉरवर्ड फिरतं त्याने झोप उडवून घेऊ नका. पैसे जातात ते आपण पुढे काहीतरी केल्यावर, आकडा सांगितला, लिंक दाबली, ॲप टाकलं, पिन टाकला. म्हणजे फोन उचलल्यानंतरही सगळं आपल्याच हातात असतं.

आता नंबर. आपल्याकडे मोबाईल नंबर १० आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरातवाले, लोन घ्या, कार्ड घ्या, प्लॉट घ्या. ते कायदेशीर टेलिमार्केटिंग आहे, नको असेल तर उचलूच नका, त्यात चोरी नाही, फक्त डोकेदुखी आहे. १६०० ने सुरू होणारे नंबर बँका, विमा कंपन्या वगैरेंना त्यांच्या कामाच्या कॉलसाठी दिलेत, आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की व्यवहाराचे कॉल १६०० वरून करा आणि जाहिरातीचे १४० वरून. त्यामुळे साध्या १० आकडी मोबाईलवरून कुणी 'बँकेच्या हेड ऑफिसमधून बोलतोय' म्हणालं की तिथेच कान टवकारायचे. पण याचा अर्थ १६०० नसलेला प्रत्येक फोन खोटा असा घेऊ नका, तुमच्या ब्रँचमधला ओळखीचा क्लार्क त्याच्या स्वतःच्या मोबाईलवरून फोन करतोच. आणि १६०० दिसला म्हणून ओटीपी सांगायचा असं तर मुळीच नाही.

१८०० हे टोल फ्री नंबर, ते आपण लावायचे असतात. तिकडून आपल्याला फोन येतोय असं स्क्रीनवर दिसलं तर सावध.

मग परदेशी कोड. +९१ म्हणजे आपण. +९२ पाकिस्तान, +८४ व्हिएतनाम, +६२ इंडोनेशिया, +२५४ केनिया, +२५१ इथिओपिया, +८५५ कंबोडिया. तुमचं तिकडे कुणी नसेल तर उचलायचं कारण नाही आणि मिस्ड कॉल आला तर परत लावायचं तर अजिबातच कारण नाही, एकच रिंग देऊन कट करतात ते तुम्ही उलट लावावा म्हणूनच, आयएसडीचा दर लागतो आणि त्यातला हिस्सा तिकडे जातो. व्हॉट्सॲपवर येणारे असले कॉल तर २०२३ च्या मे महिन्यात इतके वाढले होते की जो तो स्क्रीनशॉट टाकत होता.

पूर्वी बाहेरच्या देशातून कॉल करून स्क्रीनवर भारतीय नंबर दाखवायची सोय या लोकांनी करून ठेवली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने असे कॉल अडवणारी यंत्रणा चालू केली तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १.३५ कोटी कॉल पकडले गेले, यावरून अंदाज करा. आता त्यांनी दुसरी वाट काढलीये, इथेच कुठल्यातरी खोलीत सिम बॉक्स बसवतात, म्हणजे एका डब्यात ढीगभर सिम लावलेली असतात आणि बाहेरून इंटरनेटवरून आलेला कॉल त्यातल्या एखाद्या सिमवरून तुम्हाला लागतो. म्हणून नंबर एकदम साधा, आपल्यासारखाच दिसतो आणि तो ब्लॉक केला की उद्या दुसऱ्या नंबरवरून फोन हजर.

नावाचं काय? ट्रूकॉलरवर दिसणारं नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे सेव्ह केलंय किंवा त्या माणसाने स्वतः जे टाकलंय त्यावरून येतं. 'स्पॅम' असं लाल दाखवत असेल तर विश्वास ठेवा, पण 'बँक केवायसी ऑफिसर' दाखवत असेल तर ठेवू नका. नेटवर्क स्वतःच सिम घेतानाच्या फॉर्मवरचं नाव दाखवणार अशी सीनॅप नावाची सोय ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सुचवलीये आणि ती हळूहळू येतीये. त्यानेही प्रश्न संपत नाही कारण दुसऱ्याच्या नावावर सिम काढणं हा तर या धंद्याचा पायाच आहे.

पायरी २: उचलला तर आधी त्यांना बोलू द्या

'हॅलो' म्हणा आणि गप्प राहा. 'कोण, सुरेश बोलताय का?' असं आलं तर 'आपण कोण?' एवढंच. आपलं नाव, गाव, बँक कुठली हे आपण होऊन ओतायचं नाही. 'तुमच्या बँकेतून बोलतोय' म्हणाला तर 'कुठल्या?' असं विचारा, बरेच जण इथेच गडबडतात, कारण त्यांच्याकडे यादी असते पण प्रत्येकाची बँक माहीत असतेच असं नाही, आणि आपणच घाईघाईने 'हां हां स्टेट बँक का?' असं म्हणून त्यांचं काम सोपं करून देतो. ही सवय मोडायला वेळ लागतो, विशेषतः ज्यांना फोनवर समोरच्याशी नीट बोलायची सवय आहे त्यांना. उद्धट वाटेल म्हणून लोक बोलत राहतात. वाटू दे उद्धट.

बऱ्याच ठिकाणी सरसकट सांगतात की अनोळखी नंबर उचलूच नका आणि ओटीपी कुणालाच देऊ नका. ऐकायला छान आहे पण रोजच्या आयुष्यात चालत नाही. पार्सलवाला अनोळखी नंबरवरूनच फोन करतो, गॅसवाला करतो, हॉस्पिटलचं रिसेप्शन करतं. आणि पार्सलवाला ओटीपी मागतो, कॅबवालाही मागतो, तो द्यावाच लागतो. त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो, याला दिला तर त्याला का नाही. म्हणून नियम असा ठेवा की ओटीपी सांगण्याआधी तो मेसेज पूर्ण वाचायचा, फक्त आकडा नाही. मेसेजमध्येच लिहिलेलं असतं हा आकडा कशासाठी आहे. डिलिव्हरीचा असेल तर ऑर्डरचं नाव असतं, आणि तो पार्सल हातात आल्यावर दारात सांगायचा. बँकेचा असेल तर रक्कम असते, कुठे चाललीये ते असतं, किंवा 'नवीन डिव्हाइसवर लॉगिन' असं काहीतरी असतं, आणि खाली हा कुणालाही सांगू नका असंही असतं. समोरचा म्हणतोय 'रिफंडसाठी ओटीपी आलाय तेवढा सांगा' आणि मेसेजमध्ये लिहिलंय १९,९९९ रुपये अमुक दुकानाला देण्यासाठी, तर खोटं कोण बोलतंय हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर फोन ठेवून घरातल्या कुणाला तरी दाखवा, ओटीपी काही पळून जात नाही, गेला तर दुसरा येतो.

आणखी एक, मेसेज कुणाकडून आलाय ते वर बघा. नोंदणीकृत कंपनीच्या मेसेजच्या नावाच्या शेवटी आता डॅश देऊन एक इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. 'तुमचं खातं बंद होणार' असा मेसेज जर साध्या १० आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाही.

पायरी ३: कॉल कुठे चाललाय ते ओळखा

गोष्ट दर महिन्याला बदलते. कधी वीज आज रात्री कट होणार, कधी केवायसी संपली, कधी सिम दोन तासात बंद, ९ दाबा, कधी पेन्शनचा हयातीचा दाखला, कधी लॉटरी, कधी घरबसल्या रेटिंग देऊन पैसे कमवा. नवीन गोष्ट पाठ करत बसण्यात अर्थ नाही. पण साचा तोच. आधी हुद्दा येतो, मग भीती किंवा लालूच, मग घाई, आणि मग कॉल चालू ठेवायचा आग्रह. त्यातला हा शेवटचा आग्रह सगळ्यात भरवशाची खूण आहे. खऱ्या बँकेला तुम्ही म्हणालात की 'मी ब्रँचला येऊन बोलतो' तर ती माणसं खूश होतात, त्यांचा कॉल संपतो. खोट्याला तो संपवून चालत नाही. तो म्हणतो फोन ठेवू नका, लाईनवरच राहा, कुणाला सांगू नका, मॅनेजरला जोडून देतो. हे ऐकलं की ठेवा.

सिम बंद करण्याबद्दल एक स्पष्ट करतो, ट्राय कुणाचंही सिम बंद करत नाही, तसा फोनही करत नाही, हे ट्रायने स्वतः कितीदा तरी सांगितलंय. वीज बिलाचं म्हणाल तर बिल भरलंय की नाही हे आपल्या ॲपमध्ये दिसतं, तिथे बघा, फोनवरच्या माणसाला विचारू नका.

आता दोन-तीन प्रकार जरा जवळून बघू, कारण यात शहाणीसुरती माणसंही अडकतात.

पहिला, कॉल मर्जचा. कुणीतरी फोन करतो, म्हणतो तुमचा नंबर तुमच्या अमुक मित्राने दिला, एका कार्यक्रमाचं किंवा नोकरीचं बोलायचंय, थांबा तोच तुम्हाला दुसऱ्या नंबरवरून फोन करतोय, तो कॉल मर्ज करा म्हणजे तिघं बोलू. दुसरा कॉल येतो, तुम्ही मर्ज दाबता. तो दुसरा कॉल मित्राचा नसतो, तो बँकेचा आपोआप येणारा ओटीपीचा कॉल असतो, त्यातली बाई आकडे वाचून दाखवते आणि ते पहिला माणूस ऐकतो. तुम्ही तोंडाने एक शब्द सांगितलेला नसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने याबद्दल सावध केलं होतं. उपाय एका ओळीचा, अनोळखी माणसाने सांगितलं म्हणून कॉल मर्ज करायचा नाही.

दुसरा, कॉल फॉरवर्डिंगचा. 'कुरिअरवाला पत्ता शोधतोय, त्याच्याशी बोलायला स्टार ४०१ स्टार आणि पुढे हा नंबर डायल करा.' हा डिलिव्हरी बॉयचा नंबर वगैरे काही नसतो, यामुळे तुमचे सगळे कॉल त्याच्या नंबरवर वळतात आणि मग फोनवर येणारे ओटीपी, बँकेचे कॉल, तुमचे नातेवाईक सगळे तिकडे. हा प्रकार इतका वाढला की एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल फॉरवर्ड करायची सोय बंद करायचे आदेश दूरसंचार विभागाने दिले. तरी शंका असेल तर *#२१# डायल करून बघा, कॉल कुठे वळवलेत का ते दिसतं, आणि ##००२# ने सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. चालत नसेल तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. एरवी कुणी सांगितलेला स्टार किंवा हॅशवाला कोड कधीच डायल करायचा नाही.

तिसरा म्हणजे डिजिटल अरेस्ट, आणि याच्यावर थोडं जास्त लिहितो कारण आयुष्याची पुंजी यातच जाते. सुरुवात एका साध्या कॉलने होते, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले किंवा तुमच्या आधारवर काढलेल्या खात्यातून मनी लाँड्रिंग झालं. मग कॉल 'पोलीस' किंवा 'सीबीआय'कडे जोडतात, मग व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस, मागे ऑफिससारखा सेट, वॉकीटॉकीचे आवाज, व्हॉट्सॲपवर शिक्क्यांचं पत्र. सांगतात तुम्हाला डिजिटल अटक झालीये, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर त्यांनाही आत टाकू. माणूस दिवसेंदिवस त्या कॉलवर बसून राहतो, झोपतानाही कॅमेरा चालू. आणि शेवटी, तुमचे पैसे तपासणीसाठी 'सरकारी खात्यात' भरा, स्वच्छ असतील तर परत मिळतील. लोक एफडी मोडून भरतात.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं, थांबा, विचार करा, मग कृती करा म्हणून. नंतर काही महिने प्रत्येक कॉलच्या आधी ती सूचनेची ट्यून लागायची, लोक वैतागले होते पण ती ऐकून एखाद्याने फोन ठेवला असेल तर वैताग वसूल. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही सांगितलं की चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालणार नाही. आणि डिसेंबर २०२५ मध्ये याच कोर्टाने देशभरातल्या डिजिटल अरेस्ट प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. तर वर्दी दिसली तरी सरळ लाल बटण दाबा. काय होईल? काहीच होत नाही. दहा वेळा परत फोन करतात, धमक्या देतात, मग पुढच्या नंबराकडे वळतात. वाटलंच तर जवळच्या पोलीस स्टेशनला चालत जा आणि विचारा माझ्या नावावर काही आहे का.

नातेवाईकाच्या आवाजात येणारा कॉल, 'काका, माझा ॲक्सिडेंट झालाय, या नंबरवर पैसे टाका', हा आता एआयमुळे खूपच खरा वाटतो. रडतानाचा आवाज असला की डोकं चालत नाही. यासाठी घरात आधीच एक शब्द ठरवून ठेवा जो फक्त घरच्यांना माहीत असेल, आणि फोन ठेवून त्या मुलाच्या नेहमीच्या नंबरवर लावा. नाही लागला तर त्याच्या मित्राला, बायकोला लावा.

यूपीआयचं थोडक्यात. पैसे घेताना पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. कुणीही कुणाला पैसे मागण्याची जी रिक्वेस्ट यायची ती व्यक्ती-व्यक्तीतली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलीये, तरी 'चुकून तुमच्या खात्यात ५,००० आले, परत करा' वाले फोन येतातच. खात्यात आले का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा, त्याने पाठवलेला मेसेज बघून नाही. खरंच आले असतील तरी आपण उलटे पाठवायचे नाहीत, त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगायचं.

ॲपचंही तसंच. लग्नपत्रिका, गाडीचं चलन, योजनेचा फॉर्म या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, उघडायची नाही. आणि 'मदत करतो, एनीडेस्क टाका' म्हणणाऱ्याला तुमची स्क्रीन दिसायला लागते, म्हणजे ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही.

पायरी ४: ठेवा आणि आपण लावा

आता मुख्य काम. फोन ठेवला, पण मनात खुटखुट आहे की खरंच असेल तर? मग पडताळा, पण नंबर कुठून घ्यायचा ते महत्त्वाचं. कार्डच्या मागे छापलेला नंबर, पासबुकवरचा, बँकेच्या ॲपच्या आतला. गूगलवर 'अमुक कस्टमर केअर नंबर' टाकून वर जो येतो तो नाही, कारण तिथे चोरांनीच आपले नंबर पेरून ठेवलेले असतात आणि मग गंमत अशी होते की आपणच त्यांना फोन लावतो. वेबसाइट बघायचीच तर बँकांचे पत्ते आता डॉट बँक डॉट इन ने संपतात, रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगितलं होतं. आलेल्या मेसेजमधला नंबर, फोनवर सांगितलेला नंबर, व्हॉट्सॲपवर आलेल्या ओळखपत्रावरचा नंबर, हे तिन्ही बाद.

आमच्या ओळखीतल्या एक निवृत्त काकू आहेत, त्यांनी फोनच्या कव्हरमध्येच एक चिठ्ठी ठेवलीये, त्यावर बँकेचा नंबर, मुलीचा नंबर आणि १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. कुणाचाही असा फोन आला की त्या म्हणतात 'थांब हो, चष्मा आणते' आणि ठेवून देतात. मग चिठ्ठीवरचा नंबर लावतात. मला तरी याहून चांगली पद्धत सुचत नाही.

पायरी ५: फोनमध्ये एकदाच करून ठेवायच्या गोष्टी

अँड्रॉइडवर गूगलचं फोन ॲप असेल तर त्याच्या मेनूतून सेटिंग्ज, तिथे कॉलर आयडी आणि स्पॅम, ते चालू करा. आयफोनवर फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी कॉल सायलेंट करायची सोय आहे, पण ज्यांना कामाचे, हॉस्पिटलचे, शाळेचे फोन येतात त्यांनी ती जपून वापरा, महत्त्वाचा फोन जातो. व्हॉट्सॲपवर मात्र डोळे झाकून चालू करा: सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स, सायलेन्स अननोन कॉलर्स. तिथे अनोळखी माणसाचं खरं काम सहसा नसतंच.

जाहिरातीचे कॉल बंद करायला १९०९ वर फोन करा किंवा 'स्टार्ट ०' हे इंग्रजीत लिहून १९०९ ला मेसेज पाठवा. चोरांना याने काही फरक पडत नाही, पण एकूण गोंगाट कमी झाला की खोटा कॉल उठून दिसतो. असं बंद करूनही (यालाच डीएनडी म्हणतात) जाहिरातीचा कॉल आला तर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते, ट्रायच्या डीएनडी ॲपमध्ये सोपं पडतं.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर किंवा ॲपवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते एकदा बघून घ्या. बहुतेक राज्यांत एका माणसाला नऊ सिमची मर्यादा आहे, आणि आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेलं सिम दिसलं तर तिथेच 'हा माझा नंबर नाही' असं कळवता येतं. फोन हरवला तर तो ब्लॉक करायची सोयही तिथेच आहे. आणि अचानक फोनची रेंजच गेली, आजूबाजूला सगळ्यांना आहे, रिस्टार्ट करूनही येत नाही, तर कंपनीच्या दुकानात लगेच जा, कुणीतरी तुमच्या नंबराचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं.

पायरी ६: तक्रार कुठली कुठे

यात लोक नेहमी घोळ करतात. जाहिरातीचा त्रास असेल तर १९०९. फसवायचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत तर संचार साथीवरचं चक्षू, तिथे नंबर, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट टाकायचा, कॉल गेल्या ३० दिवसांतला हवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नुसतं ब्लॉक करण्यापेक्षा बरं, कारण ब्लॉकने तो फक्त तुमच्यापुरता बंद होतो. आणि पैसे गेले तर १९३०, लगेच.

पायरी ७: पैसे गेलेच तर

रडणं, घरच्यांपासून लपवणं, त्या माणसाला परत फोन करून विनवणी करणं, हे सगळं नंतर. आधी १९३०. तुम्ही पाठवलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात भराभर फिरवतात आणि शेवटी काढून घेतात, ते मध्ये कुठेतरी अडवता आले तरच काही हाती लागतं, म्हणून पहिला तास-दीड तास सगळ्यात मोलाचा. १९३० वर विचारतात ते हाताशी ठेवा: कुठल्या बँकेतून किंवा ॲपमधून गेले, किती, कधी, व्यवहाराचा नंबर म्हणजे यूटीआर, आणि समोरच्याचा नंबर. लाईन लागत नसेल तर लावत राहा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करायला सांगा. तक्रारीचा नंबर मिळाला की सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा, स्क्रीनशॉट जोडा, चॅट डिलीट करू नका. फोनमध्ये त्यांनी सांगितलेलं ॲप टाकलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

बँकेला लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही असा व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर तुमच्यावर नुकसान येत नाही. आपणच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे 'आता काय उपयोग' म्हणून गप्प बसलात तर त्यात तोटा तुमचाच.

आणि यानंतर काही दिवसांनी एक फोन हमखास येऊ शकतो. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला थोडी फी भरा.' कधी वकील म्हणून, कधी पैसे परत मिळवून देणारी कंपनी म्हणून. एकदा फसलेल्यांची यादी या धंद्यात विकली जाते, त्यामुळे त्याला तुमची रक्कम, तारीख, बँक सगळं बरोबर माहीत असतं. तक्रारीचं काय झालं ते पोर्टलवर आपल्या तक्रार नंबराने बघता येतं, नाहीतर पोलीस स्टेशनला जाऊन विचारायचं. फी भरून परत मिळणारे पैसे नसतातच.